बांधावरचा तरोटा : उपटण्याआधी ओळखू या

जून सरता सरता रायपूरच्या भाजीबाजारात कोवळ्या, गोलसर पानांचे हिरवे ढीग दिसू लागतात. विकणाऱ्या स्त्रिया त्याला ‘चरोटा भाजी’ म्हणतात. गोंदिया-गडचिरोलीकडचा माणूस त्या ढिगापुढे थांबला, तर त्याला नाव विचारावे लागत नाही. हा तर आपला तरोटा. कोकणात आणि पश्चिम महाराष्ट्रात याच वनस्पतीला टाकळा म्हणतात, संस्कृत ग्रंथांत ती चक्रमर्द या नावाने येते आणि वनस्पतिशास्त्रात तिचे नाव सेना टोरा, जुने नाव कॅसिया टोरा, असे आहे.

ही भाजी कोणी पेरलेली नसते. पहिल्या पावसाबरोबर ती बांधावर, पडीक जागेत, रस्त्याच्या कडेला आपोआप उगवते, खुडली जाते आणि बाजारात येते. त्याच सुमारास अनेक गावांत बांध ‘स्वच्छ’ करण्यासाठी तणनाशकाची फवारणी होते आणि त्या फवारणीत पहिला बळी जातो तो याच तरोट्याचा. एकाच वनस्पतीला एका हाताने आपण बाजारात विकतो आणि दुसऱ्या हाताने जाळून टाकतो. प्रस्तुत लेखात दोन गोष्टी मांडावयाच्या आहेत. पहिली, तरोट्याला मुख्य पिकात नव्हे, पण बांधावर आणि पडीक तुकड्यांवर विचारपूर्वक जागा द्यावी. दुसरी, आणि ती अधिक महत्त्वाची, अशी की ही शिफारस करणाऱ्याने तरोटा आणि त्याचा विषारी सोयरा यांतील फरक शिकवण्याची जबाबदारीही घ्यावी. दुसरी गोष्ट टाळून पहिली करणे धोक्याचे ठरेल.

ताटातील स्थान

छत्तीसगडमध्ये ‘छत्तीस भाज्यांचा’ अभिमान मोठा आहे. चेच, अमारी, बोहार, करमत्ता, तिवरा, मुनगा अशा पालेभाज्यांच्या यादीत चरोट्याचे नाव हटकून येते. त्याचे कारण ऋतूत आहे. उन्हाळी भाजीपाला संपलेला असतो, पावसाळी भाजीपाला अजून हाती आलेला नसतो आणि धानाच्या पेरणी-रोवणीच्या खर्चाने घरातील पैसा आटलेला असतो. अशा तीन-चार आठवड्यांत फुकट मिळणारी लोह, चुना आणि ‘अ’ जीवनसत्त्वाचा पूर्वद्रव्य घटक पुरवणारी पालेभाजी म्हणजे घरातील गरोदर स्त्री आणि वाढती मुले यांच्यासाठी लहान गोष्ट नव्हे.

खाण्याची रीतही पारखलेली आहे. फक्त कोवळे शेंडे घ्यावयाचे, ते उकडून पाणी पिळून काढावयाचे, मग लसूण-मिरचीच्या फोडणीत परतावयाचे; कोणी त्यात चण्याची डाळ घालते, कोणी ताकाचा किंवा चिंचेचा आंबटपणा देते. उकडून पाणी टाकण्यामागे कडवटपणा व उग्र वास घालवणे हा उद्देश आहे आणि त्याबरोबर पानांतील रेचक द्रव्यांचा काही भागही निघून जातो. फुलकळी धरल्यानंतर पाला कोणी खात नाही. आपल्या आहारविषयक प्रशिक्षणांत परदेशी पालेभाज्यांच्या लागवडीवर तासन्‌तास बोलले जाते. या रीतीची नोंद मात्र आजही मुख्यत्वे स्त्रियांच्या स्मरणातच आहे. एकेकाळी डॉ. आर. एच. रिछारिया यांनी छत्तीसगडमधील धानाचे हजारो स्थानिक वाण गोळा केले, म्हणूनच आज रायपूरच्या इंदिरा गांधी कृषी विद्यापीठाकडे धानाचा तो अमोल ठेवा आहे. धानाबाबत जे भान दाखवले गेले, ते धानाच्या बांधावरील भाजीबाबत दाखवण्यास उशीर होऊ नये.

औषध : किती खरे, किती जपून

चक्रमर्दाचे एक पर्यायी नाव ‘दद्रुघ्न’ असे आहे. दद्रु म्हणजे नायटा, गजकर्ण. तो नष्ट करणारे ते दद्रुघ्न. बिया आंबट ताकात किंवा लिंबाच्या रसात वाटून लेप लावण्याची रीत महाराष्ट्रात आणि छत्तीसगडमध्ये सारखीच आढळते. बियांत क्रायसोफेनॉल, इमोडिन यांसारखी अँथ्राक्विनोन वर्गातील द्रव्ये असतात आणि त्यांचे बुरशीविरोधी गुण प्रयोगशाळेतील चाचण्यांत दिसून आले आहेत. म्हणजे परंपरेला आधार आहे.

परंतु आधार असणे म्हणजे रामबाण असणे नव्हे. मागील काही वर्षांत आपल्या देशात गजकर्णाचा चिवट, नेहमीच्या औषधांना दाद न देणारा प्रकार वाढला आहे. अंगभर पसरलेल्या किंवा वारंवार उलटणाऱ्या गजकर्णावर घरगुती लेप लावत राहणे म्हणजे आजार वाढवणे होय; तेथे त्वचारोगतज्ज्ञच हवा. बियांचे रेचक गुण ध्यानात घेता गरोदर स्त्रियांना आणि लहान मुलांना बिया किंवा त्यांचे पेय देऊ नये. भाजलेल्या बियांचे कॉफीसारखे पेय चीन, जपान, कोरिया या देशांत प्रचलित आहे, तेही भाजून आणि बेताने. विस्तार कार्यकर्त्याने औषधी गुण सांगताना या मर्यादा त्याच दमात सांगितल्या पाहिजेत.

पिवळे फूल आणि काळा भुंगा

ऑगस्ट ते ऑक्टोबर या काळात तरोट्याच्या पानांच्या बेचक्यांत पिवळी, पाच पाकळ्यांची फुले येतात. या फुलात मध नसतो. देण्यासारखे असते ते परागकण. पण तेही सहज मिळत नाहीत. परागकोश उभे चिरले जाण्याऐवजी त्यांच्या टोकाशी बारीक छिद्रे असतात आणि पराग बाहेर पडण्यासाठी फूल थरथरावे लागते. काळा भुंगा, म्हणजे लाकूड पोखरून घर करणारी सुतार माशी, आणि पोटावर निळे पट्टे असलेली अमेगिला माशी ही किमया करतात. फुलाला घट्ट धरून त्या पंखांचे स्नायू थरारवतात, गुणगुण असा आवाज येतो आणि मिरपुडीच्या डबीतून पूड झडावी तसे पराग झडतात. आपल्या सातेरी किंवा आग्या मधमाशीला ही विद्या येत नाही.

भाजीपाला उत्पादकाने येथे कान टवकारले पाहिजेत. वांग्याच्या परागकोशालाही टोकाशी अशीच छिद्रे असतात. टोमॅटोचे परागही कंपनानेच मोकळे होतात; वाऱ्याने काही काम भागते, पण अशा माशीची भेट झाल्यास फळधारणा अधिक चांगली होते. याचा अर्थ, तरोट्याच्या फुलावर जगणारा भुंगाच शेजारच्या वांग्यांचा आणि टोमॅटोचा सेवक आहे. रायपूर परिसरातील वांगी असोत की दुर्ग जिल्ह्यातील धमधा भागातील टोमॅटो, दोन्हींना हा सेवक हवा आहे. आणि मधमाश्यांप्रमाणे त्याला पेटीत घालून शेतावर आणून ठेवता येत नाही. त्याला शेताच्या आसपास अन्न आणि निवारा मिळाला, तरच तो राहतो.

केवळ तरोट्यावर मात्र त्याचे भागत नाही. पराग पिलांच्या पोषणासाठी लागतात, उडण्याच्या शक्तीसाठी मध लागतो. म्हणून तरोट्याच्या जोडीला तुळस, गुमी आणि बांधावरची तूर यांसारखी मध देणारी झाडे हवीत. धानाच्या बांधावर तूर लावण्याची छत्तीसगडची जुनी पद्धत या दृष्टीने पुन्हा पाहण्याजोगी आहे. बांधावरील एखादे वाळलेले लाकूड किंवा बांबूचे जुने कुंपण राखून ठेवले, तर सुतार माशीला घरही मिळते.

फुलपाखरांचेही तसेच. इमिग्रंट आणि ग्रास यलो या गटांतील पांढरट व पिवळी फुलपाखरे तरोट्याच्या पानांवर अंडी घालतात आणि त्यांच्या अळ्या हीच पाने खाऊन वाढतात. तरोट्यावर अळी दिसली म्हणून फवारणी करण्याचे कारण नाही. ही अळी धान किंवा वांगी खाणारी नव्हे.

येथे चूक झाली तर

आता ज्या मुद्द्यासाठी हा लेख लिहिला, त्याकडे येऊ. तरोट्याचा एक सोयरा आहे : कासविंदा, म्हणजे सेना ऑक्सिडेंटॅलिस. महाराष्ट्रात काही ठिकाणी त्याला रानटाकळा असेही म्हणतात आणि धोका नेमका येथेच आहे. नावातच नाते आहे. तो त्याच पडीक जागेत, त्याच ऋतूत, तशीच पिवळी फुले घेऊन उभा असतो.

पश्चिम उत्तर प्रदेशात अनेक वर्षे हिवाळ्याच्या तोंडावर लहान मुले अचानक आजारी पडत. उलट्या, बेशुद्धी आणि काही तासांत किंवा दिवसांत मृत्यू. बराच काळ हा विषाणूजन्य मेंदूज्वर समजला गेला. 2007 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने या आजाराचा संबंध कासविंद्याच्या शेंगा खाण्याशी असल्याचे दाखवून दिले. यकृत, स्नायू आणि मेंदू या तिन्हींवर एकाच वेळी आघात करणारे ते विष होते. पुढे 2016 मध्ये छत्तीसगडच्या सुकमा जिल्ह्याला लागून असलेल्या ओडिशाच्या मलकानगिरी जिल्ह्यात आदिवासी पाड्यांवरील अनेक बालके दगावली. काही मुलांत जपानी मेंदूज्वर आढळला. पण वेल्लोरचे ज्येष्ठ विषाणुतज्ज्ञ डॉ. टी. जेकब जॉन यांच्या नेतृत्वाखालील तज्ज्ञांनी मोठ्या प्रमाणावर झालेल्या मृत्यूंमागे कासविंद्याच्या बियांतील विष असल्याचा निष्कर्ष काढला. तेथे त्या झाडाला ‘बन चाकुंडा’ म्हणतात आणि ‘चाकुंडा’ म्हणजे आपला तरोटा. पुन्हा तेच, नावात नाते.

म्हणून ‘रानभाज्या खा’ असे सांगून थांबणारा सल्ला अपुरा आहे. फरक पुढीलप्रमाणे शिकवता येतो.

तरोट्याच्या एका पानात दलांच्या साधारण तीन जोड्या असतात. दले टोकाशी रुंद व बोथट, जवळजवळ गोल असतात. कासविंद्यात चार ते सहा जोड्या असतात आणि दले भाल्यासारखी टोकदार असतात. तरोट्यात खालच्या दलांच्या जोड्यांमध्ये, देठाच्या वरच्या अंगाला, बारीक काडीसारखी ग्रंथी दिसते. कासविंद्यात ग्रंथी पानाच्या देठाच्या अगदी बुडाशी, खोडाजवळ, फुगीर ठिपक्यासारखी असते. तरोट्याची शेंग लांब, बारीक, विळ्यासारखी वाकलेली आणि बी चकचकीत तपकिरी, तिरप्या चौकोनी आकाराचे असते. कासविंद्याची शेंग चपटी, कडेला फिकट पट्टी असलेली आणि बी चपटे, गोलसर, निस्तेज असते.

या चार खुणांपैकी पानाचे टोक आणि ग्रंथीची जागा या दोन खुणा भाजी खुडण्याच्या वयातही दिसतात. त्या मुलांनाही शिकवता येतात, किंबहुना मुलांनाच आधी शिकवल्या पाहिजेत. कारण हिरव्या शेंगा खेळता खेळता तोंडात घालणारी तीच असतात. आणि वस्ती, शाळा व अंगणवाडी यांच्या परिसरात कासविंदा दिसला, तर तो शेंग धरण्यापूर्वी मुळासकट काढावा. येथे ‘स्वच्छ बांध’ हा आग्रह योग्यच आहे.

बाजाराचीही हीच अट

तरोट्याच्या बियांना केवळ गावातील मोल नाही. बियांतील गरापासून कॅसिया गम हा डिंक तयार होतो. खाद्यपदार्थांना, विशेषतः पाळीव प्राण्यांच्या डबाबंद खाद्याला, घट्टपणा देण्यासाठी तो वापरला जातो आणि युरोपीय संघाच्या खाद्यपूरकांच्या यादीत त्याला ई 427 असा क्रमांक आहे. छत्तीसगडमध्ये चरोटा बी लघुवनोपजांच्या आधारभूत किमतीच्या यादीत असून राज्य लघुवनोपज सहकारी संघामार्फत त्याची खरेदी होते. 14 एप्रिल 2018 रोजी वनधन योजनेचा आरंभ झाला, तोही छत्तीसगडच्या बिजापूरमधूनच. वनोपज कच्चे न विकता गावातच त्यावर प्रक्रिया व्हावी, हा तिचा गाभा.

पण या डिंकाच्या आंतरराष्ट्रीय प्रमाणकात एक अट आहे : कासविंद्याच्या बियांची भेसळ 0.05 टक्क्यांहून कमी असली पाहिजे. हिशेब करून पाहा. एका क्विंटलमध्ये 50 ग्रॅमही नाही, म्हणजे मूठभर बियांनी पोते नाकारले जाऊ शकते. सरमिसळ गोळा केलेल्या, रस्त्यावर पसरून वाहनांखाली मळलेल्या, माती-खडे मिसळलेल्या बियांना कमी भाव का मिळतो, याचे उत्तर येथे आहे. स्वच्छतेचे काम पुढे कुठेतरी यंत्रावर होते आणि त्या कामाचा मोबदलाही तेथेच जातो. ओळखून लावलेला, उभ्या झाडावर तपासलेला, ताडपत्रीवर मळलेला तरोटा हा वेगळा माल आहे. मुलांचा जीव वाचवणारे ज्ञानच बचत गटाला चांगला भावही मिळवून देऊ शकते, हे लक्षात घ्यावे.

आक्षेप आणि उत्तरे

पहिला आक्षेप सोयाबीन उत्पादकांचा असेल : तरोटा हे आमच्या शेतातील त्रासदायक तण आहे, त्याला आमंत्रण कशाला? आक्षेप खरा आहे. बियांचे कवच कठीण असते, ते जमिनीत वर्षानुवर्षे पडून राहते आणि टप्प्याटप्प्याने उगवते. म्हणूनच सोयाबीनच्या किंवा उडदाच्या शेतात तरोट्याची शिफारस कोणी करू नये. शिफारस आहे ती धानाच्या बांधांसाठी, परसबागेच्या कडेसाठी, भाजीपाल्याच्या शेताच्या सीमेसाठी आणि नापीक मुरमाड तुकड्यांसाठी. आणि तीही शेंगा वाळून तडकण्यापूर्वी कापणी होणार असेल तरच. ज्याला वेळेवर कापणी शक्य नाही, त्याने लावू नये.

दुसरा मुद्दा उलट बाजूचा, अतिउत्साहाचा. तरोटा शेंगवर्गीय आहे म्हणून तो नत्र स्थिर करतो, असे सर्रास सांगितले जाते. ते बरोबर नाही. त्याच्या मुळांवर नत्राच्या गाठी येत नाहीत. कापून जमिनीत गाडला तर सेंद्रिय पदार्थ मिळतो, इतकेच. चांगल्या वनस्पतीची शिफारस खोट्या गुणांवर उभी करू नये.

तिसरा प्रश्न : बांध मोकळा ठेवला तर काय बिघडते? बांध मोकळा राहत नाही, हेच त्याचे उत्तर. तेथे गाजर गवत येते. 1950 च्या दशकात पुण्यात प्रथम नजरेस आलेले हे परदेशी तण आज देशभर पसरले आहे. त्याला जागेसाठी झुंज देणारी वनस्पती म्हणून जबलपूरच्या तण संशोधन संचालनालयाने चरोट्याचीच शिफारस केली आहे. पावसाळ्यापूर्वी बी फेकल्यास दाट उगवणारा तरोटा गाजर गवताला वाढू देत नाही. गुरे तरोट्याला सहसा तोंड लावत नाहीत, त्यामुळे राखणीचाही प्रश्न नाही. ज्या जागेवर अंगाला खाज आणि दमा देणारे गवत येणार, तेथे भाजी आणि पराग देणारे झाड यावे, एवढाच हा व्यवहार आहे.

लावायचे कसे

बी विकत घेण्यापेक्षा आपल्याच परिसरातील, फुला-शेंगांसह ओळख पटवलेल्या झाडांचे बी घ्यावे. कवच कठीण असल्याने पेरण्यापूर्वी ते जाड वाळूत चोळावे किंवा गरम पाण्यात टाकून रात्रभर तसेच भिजत ठेवावे. मेअखेरीस किंवा पहिल्या पावसावर बांधाच्या वरच्या अंगाला एक-दोन ओळींत पेरावे. रोपे वीतभर होण्याआधी विरळणी करावी. विरळणीत निघालेली रोपे हीच पहिली भाजी. ओळखीची तपासणी याच वेळी करावी आणि टोकदार दलांचे प्रत्येक रोप उपटून टाकावे. पुढे फुलकळी येईपर्यंत शेंडे खुडत राहावे, परंतु साधारण एक तृतीयांश झाडे न खुडता फुलांसाठी राखावी. भुंग्याचा वाटा तो. शेंगा तपकिरी होऊ लागताच सकाळच्या दवात कापणी करून ताडपत्रीवर वाळवाव्यात. हमरस्त्यालगतची, तणनाशक मारलेल्या बांधावरची किंवा उरला-सिलतरासारख्या औद्योगिक पट्ट्यांजवळची भाजी खाण्यासाठी किंवा विकण्यासाठी खुडू नये.

विस्तार कार्यकर्त्यांना विनंती

दरवर्षी 16 ते 22 ऑगस्ट या काळात गाजर गवत जनजागृती सप्ताह साजरा होतो. तेव्हा तरोटा आणि कासविंदा दोन्ही शेतात उभे असतात. या सप्ताहात प्रत्येक कृषी विज्ञान केंद्राने गाजर गवताच्या प्रात्यक्षिकाबरोबर दोन कुंड्या शेजारी शेजारी ठेवाव्यात, एकीत तरोटा आणि दुसरीत कासविंदा, आणि आलेल्या प्रत्येकाच्या हाती दोन्हींचे एकेक पान द्यावे. गावातील शाळेत आणि अंगणवाडीतही हेच करावे. त्यासाठी वेगळा निधी लागत नाही. सकाळी बांधावर एक फेरी मारावी लागते. त्या फेरीत गावातील एखाद्या जाणत्या आजींना सोबत घ्यावे. भाजी कोणत्या दिवसापर्यंत खुडावी आणि कोणत्या बांधावरची खुडू नये, हे त्या आपल्यापेक्षा अधिक नेमके सांगतील. आपण ते लिहून घ्यावे.

तरोट्याने कोणी श्रीमंत होणार नाही. पण आषाढातील ताटात एक भाजी, वांग्याच्या फुलावर एक भुंगा, गाजर गवताऐवजी हिरवा बांध आणि निवडलेल्या बियांना थोडा बरा भाव, इतके त्याच्याकडून मिळू शकते. त्याच्या मोबदल्यात तो आपल्याकडे एकच गोष्ट मागतो : त्याला नीट ओळखावे. येत्या पावसाळ्यात फवारणीचा पंप खांद्यावर घेण्यापूर्वी बांधावर वाकून एकदा पानाचे टोक पाहावे.